पौर्णिमेचा भोंगा

डोंबिवली पूर्व
१४ ऑक्टोबर २०२५

बायजा,

जय भीम. वर 'सप्रेम' लिहिलं होतं, मग कागद बदलला.

तू सम्यकच्या मोबाइलवर रोज बोलून पाठवतेस, ते त्याने मला दाखवलं. दाखवलं म्हणजे काय, एक रेघ सरकत जाते आणि थांबते. बहिऱ्या मैत्रिणीला बोललेलं पाठवणारी जगात तू एकटीच असशील. मी त्याला म्हटलं, ऐकू नकोस, पुसून टाक, बायकांचं बोलणं आहे. त्याने पुसलं. माझा मुलगा अजून माझं ऐकतो. म्हणून हे पत्र. चष्मा लाव, अक्षर मोठं काढलंय. रुपालीला वाचून दाखवायला सांगू नकोस. तुझ्या सुनेसमोर तुझी शोभा करायची माझी इच्छा नाही, निदान आज तरी.

दिवाळीला मुलाकडे जाते म्हणून मी कोपरीहून निघाले, ते खोटं होतं. दिवाळीला अजून अवकाश होता, हे तुलाही कळलं असेल. तुझं तोंड बघवेना म्हणून निघाले.

आता तुला ठाऊक असलेलंच परत लिहिते. चुकलेला शब्द मी पोरांकडून दहा वेळा लिहून घ्यायचे, तसं समज.

देवराम गेले, मागोमाग माझे कान गेले. गॅसवर भांडं विसरले, एकदा सोडून दोनदा. सम्यक म्हणाला, आई, आता चल डोंबिवलीला. मी म्हटलं, मरेन पण कोपरी सोडणार नाही. शेवटी त्याने स्वयंपाकघरात आणि निजायच्या खोलीत छताला त्या धुराच्या डब्या बसवल्या. डबी धूर लागला की किंचाळते म्हणे. पण बारीक किनरा आवाज मला कानाची मशीन लावूनही येत नाही. माझ्यासाठी ती किंचाळली काय आणि मुकी राहिली काय, सारखंच. तेव्हा त्याच्या इलेक्ट्रिशियनने तोडगा काढला. डबीच्या पोटात एक खटका असतो. धूर लागला की तो मिटतो. त्याच्यातून दोन तारा बाहेर काढल्या की दुसरीकडे भोंगा वाजवता येतो. दुसरीकडे म्हणजे कुठे? तू लगेच छातीवर हात मारलास. "माझ्या घरात लावा. नीलाच्या घरात धूर झाला तर मी धावन." आपल्या दोघींच्या मधल्या भिंतीला भोक पाडलं, तार तुझ्या घरात गेली, भोंगा तुझ्या चपलांच्या कपाटावर बसला आणि माझी किल्ली त्याच्याखाली खिळ्याला टांगली. सम्यकने एकच अट घातली, भोंगा आहे तोवर आई कोपरीत.

आणि दर पौर्णिमेला तपासणी. वंदना झाली की पाच अगरबत्त्या जळमटांच्या काठीला बांधायच्या आणि डबीखाली धरायच्या. डबीचा लाल दिवा भराभरा मिचकायला लागला की समजायचं, ही ओरडतेय. पण भिंतीपलीकडे भोंगा वाजला की नाही, ते मला कसं कळणार? ते तू सांगायचीस. किल्लीने दार उघडून यायचीस, अंगठा वर करायचीस, आणि मग प्रसादाची खीर खायला बसायचीस.

परवाच्या कोजागिरीला मी विहारात गेलेले. वर्षावास संपला, त्याचा कार्यक्रम लांबला. घरी आले, दिवाही लावला नव्हता, पायातल्या चपला पायातच, खुर्चीत टेकले. अगरबत्तीचा पुडा कपाटात, काठी मोरीत. आणि तू नेहमीच्या वेळेला दार उघडून आलीस. अंगठा वर. तुझे ओठ मला पाठ आहेत, बायजा. तू म्हणालीस, "वाजला गो बाय! काय जोरान वाजला, पोर दचकून उठला ना!"

मी काय केलं, आठवतं? मी हसले. तुला म्हटलं, बस, दूध आटवते. तू बसलीसही, आणि मसाला दूध पिऊन गेलीस.

कळावे. लोभाचं काय करायचं ते अजून ठरलं नाही.

नीला


डोंबिवली पूर्व
२५ ऑक्टोबर २०२५

बायजा,

भाऊबीजेला विकी कल्याणला बहिणीकडे जाता जाता इथे येऊन गेला. सुकट मिळाली. माझ्या सुनेने, प्रीतीने, ती बाल्कनीत ठेवली आणि मग बाल्कनीचं दारही लावून घेतलं. मी ती खालच्या वॉचमनला देऊन टाकली. तुला लागावं म्हणूनच लिहिते आहे.

तुझी चिठ्ठीही मिळाली. 'बालाला तरास व्हतो म्हनून भोंगा बंद केला. राग नको करू.' दोनच ओळी. मला वाटलं, कोजागिरीच्या आठवड्यात बंद केला असेल, सांगायला तोंड झालं नसेल. पोर लहान आहे, भोंगा कर्कश आहे, मला काय कळत नाही? तू मला सांगितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, बाई, काढ तो. मनातल्या मनात तुला माफ करायला बसलेच होते.

तेवढ्यात तुझ्या लेकाने चहाचा कप हातात घेतला आणि माझ्याकडे तोंड करून, मला ओठ वाचता येतील असं सावकाश म्हणाला, "काकी, तो एप्रिलपासून बंद आहे ना? रुपाली बोललेली, किचनमध्ये सरकवूया. आई बोलली, नको, काढूनच टाक, काकीला मी सांगते. सांगितलं नाही काय तिने?"

प्रीती बाजूलाच उभी. मी म्हटलं, सांगितलंय रे, माझ्याच लक्षात राहत नाही. म्हातारपण. बघ, तुझ्यासाठी मी सुनेसमोर म्हातारी झाले.

म्हणजे बुद्धपौर्णिमेलाही तो बंद होता. मी पांढरं लुगडं नेसून काठी धरून उभी आणि तू अंगठा दाखवत आलीस. नारळी पौर्णिमेला एका हातात नारळीभाताचा डबा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा. एकदाही अंगठा खाली आला नाही तुझा?

पण बायजा, एप्रिलचं मी गिळलं असतं. मला आषाढातली ती दुपार गिळवत नाही.

मला ताप होता, गोळी घेऊन आडवी झाले. गॅसवर चवळी. पाणी आटलं, चवळी जळली, पडद्याने पेट घेतला. मला जाग आली ती घसा पेटल्यासारखा झाला म्हणून. डोळे उघडले तर खोलीत काही दिसेना, फक्त छताला तो लाल दिवा मिचमिचत होता. म्हणजे डबी बोंबलत होती. मला वाटलं, आता बायजा येईल. खरं सांगते, मी आधी उठलेच नाही. पलंगावर बसून दाराकडे बघत राहिले, कारण तू येणार हे मला नक्की माहीत होतं. मग खोकल्याने जीव जायला लागला तेव्हा उठले, बादली ओतली, गॅस बंद केला, खिडकी उघडली. हात भाजला तो तेव्हा.

तू आलीस संध्याकाळी. "कल्याणला गेलेली गो बाजारान, घरात कोनच नव्हता," म्हणालीस आणि माझ्या गळ्यात पडून रडलीस. मीच तुला पाणी दिलं. तुझ्या खांद्याला पिशवी होती, ती रिकामी होती. मी ते पाहिलं. कल्याणच्या बाजारातून रिकाम्या हाताने आलेली बायजा मी जन्मात बघितली नव्हती, आणि तरी मी काही विचारलं नाही.

परवा विकी प्रीतीला मोबाइलवर बाळाचे फोटो दाखवत होता आणि मी त्याचे ओठ बघत होते. "हा ज्या दिवशी काकीचा पडदा जळाला ना, त्याच दिवशी पहिल्यांदा पालथा पडला. आम्ही सगळे घरातच होतो, आई टाळ्या वाजवत होती."

टाळ्या वाजवत होतीस.

मग आपण दोघींनी मिळून भिंत घासली. पडदा कचऱ्यात टाकला. सम्यकला ताकास तूर लागू द्यायचा नाही असं तूच म्हणालीस आणि मला ते पटलं, कारण मला घर सोडायचं नव्हतं. प्रीती आता विचारते आहे, कुठला पडदा, कधी जळाला? मी म्हटलं, अगं अगरबत्तीने जरासं भोक पडलं. पण मला हे सांग. ती काळी भिंत तू तुझ्या हाताने घासलीस. माझ्या भाजलेल्या हाताला तू कोरफड लावलीस. आणि घरी जाऊन चपलांच्या कपाटावरच्या त्या दोन सुट्या तारा बघितल्यास. तरी जोडल्या नाहीस. पुढच्या पौर्णिमेला परत अंगठा.

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी वर्गात कितीदा शिकवलं असेल. अर्थ आत्ता कळला.

नीला


डोंबिवली पूर्व
८ नोव्हेंबर २०२५

बायजा,

तुझं पत्र आलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने पूर्ण पान लिहिलंय, एरवी मी ते देवरामांच्या फोटोला दाखवलं असतं.

तू लिहितेस, 'तुला सांगतली असती तर तू सम्यकला सांगतली असती. त्याने तुला नेली असती. मंग माजा कोन होता गो. घरात समदी हायेत पन बोलाया कोन नाय.'

हे मी खूप वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडले, ते कबूल करते. प्रीतीला वाटलं, देवरामांची आठवण आली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र हसू आलं, बरं नव्हे तसलं. कारण तुझ्या बोलण्याचा अर्थ सरळ आहे. नीला जळाली तरी चालेल, पण भिंतीपलीकडे हवी. डोंबिवलीत जिवंत असलेली नीला तुझ्या काय कामाची?

आणि बाळ झोपावं म्हणूनही नाही ना काढलास? रुपाली सरकवूया म्हणत होती. स्वयंपाकघरात लावला असता तर काम झालं असतं. पण मी ठेच्याची मिरची भाजली की भोंगा वाजायचा, तू धावायचीस, सून तोंड वाकडं करायची. तुला तुझ्या घरात माझ्यामुळे बोलणी नको होती. ते तू पत्रात लिहिलं नाहीस, मी लिहिते. सुनेपुढे गरीब व्हायचं आणि माझ्यापुढे शूर. मिरचीसाठी धावून आलीस की अर्धी भाकरी खाऊन जायचीस, तेव्हा नाही गं त्रास झाला.

तुला आठवतं, आपण चाळीत नव्या होतो. चाळ तुमची, आम्ही तेव्हा भाडेकरू, घर मागाहून विकत घेतलं. तुझ्या सासूने माझ्या हातचं पाणी परत केलं होतं. म्हणाली, तहान नाही. तू आतून आलीस, माझ्या हातातला तांब्या घेतलास आणि तिच्यासमोर उभ्याने घटाघटा प्यायलीस. वर म्हणालीस, "मना लागली हाय तहान." त्यावरून तुला मार बसला होता. त्या दिवसापासून तू सांगशील ते खरं, असं मी धरलं. लोक देवाच्या पायावर हात ठेवून बोलतात, मी तुझ्या तोंडाकडे बघून चालत होते. म्हणून तर रिकामी पिशवी दिसूनही दिसली नाही. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. तुझ्याशी कसं भांडायचं ते मला येत नाही. कधी वेळच आली नव्हती.

आता इथलं ऐक. भोंगा बंद होता हे प्रीतीकडून सम्यकच्या कानावर गेलंय. सम्यकला कोपरीचं घर भाड्याने द्यायचं आहे. त्याच्या ऑफिसातलं एक कुटुंब नवीन वर्षापासून यायला तयार आहे. काल जेवताना त्याने माझ्यासमोर पाटीवर लिहून धरलं, 'आई, भोंग्याच्या भरवशावर मी गप्प होतो. तुला इथे बरं वाटत असेल तर तसं सांग.' मुलगा वाईट नाही. त्याने माझ्यासाठी उशीखाली ठेवायची एक चकतीही आणून ठेवली आहे, धूर झाला की ती थरथरते. चांगली आहे. जागी करेल. पण धुरात दार सापडलं नाही तर बाहेरून किल्ली घेऊन येणारं माणूस लागतंच. ते माणूस चकतीबरोबर मिळत नाही.

मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. डोंबिवलीत मला काही कमी नाही. प्रीती भाजीत तिखट कमी घालते, एवढंच. पण सकाळी उठले की मी अजून उजवीकडे मोरी शोधते. माझी खिडकी, माझी कढीपत्त्याची कुंडी, देवरामांची खुर्ची, माझा विहार. हे सगळं राहणार की जाणार, ते तुझ्या त्या दोन तारांवर आहे. गंमत बघ, माझं घर माझ्या नावावर आणि त्याचा खटका तुझ्या हातात.

शेवटच्या ओळीत तू लिहिलंयस, 'भोंगा परत जोडला हाय. विकीने जोडला. लय जोरान वाजतो. तू ये.'

वरातीमागून घोडं आलं म्हणायचं. तरी आलं.

जोडला असशीलही. सम्यकला एकदा नेऊन वाजवून बघता येईल. पण त्याच्या पुढच्या महिन्यात? त्याच्याही पुढे, बाळाला दात येतील, रडेल, रुपाली कुरकुरेल, तेव्हा? तो भोंगा वाजतो हे मला सांगणार कोण, बायजा?

तूच ना?

नीला


डोंबिवली पूर्व
२७ नोव्हेंबर २०२५

बायजा,

मंगळवारी जे झालं त्यावर तू त्या दिवशी बोललीस, पण मी तुझ्या तोंडाकडे बघत नव्हते. म्हणून तू काय म्हणालीस ते मला माहीत नाही. परत सांगू नकोस. मी काय पाहिलं ते मात्र ऐकून घे.

मी प्रीतीला सांगितलं, ठाण्याला कानाची मशीन दाखवून येते. आणि सरळ कोपरीला आले. पौर्णिमा नव्हती, सण नव्हता, कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. तुझ्या दारासमोरून जाताना पायातल्या चपला हातात घेतल्या. माझ्याच घरात मी चोरासारखी शिरले. तुझ्या दाराबाहेर तुझ्या चपला होत्या, म्हणजे तू घरात होतीस, एवढं बघून ठेवलं.

घरात धूळ होती. कढीपत्त्याला पाणी घातलेलं होतं. मला वाटलं होतं, तो वाळला असेल.

काठीला पाच अगरबत्त्या बांधल्या. वंदना केली नाही, फसवणुकीच्या कामाला वंदना कशाला. काठी डबीखाली धरली आणि लाल दिवा मिचकायला लागला. मी देवरामांची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली, काठी तशीच हातात धरली आणि बसले. मनात ठरवलेलं, ही आली नाही तर संध्याकाळी सम्यकला सांगायचं, दे घर भाड्याने. आणि खरं सांगू, तू येऊ नयेस असंच मला वाटत होतं. न आलेल्या माणसावर रागावणं सोपं असतं.

दार आपटून उघडलं, ते मला जमिनीतून कळलं.

तुझे हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठाचे. पदर कमरेला, केस सुटलेले, पाय अनवाणी. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात बाळाची गोधडी, ओली निथळत. ती आगीवर टाकायला आणली होतीस. कुणाच्या ध्यानात आलं असतं ते? तू आधी स्वयंपाकघरात गेलीस, मग निजायच्या खोलीत, पलंगाखालीही वाकून बघितलंस. मी दारासमोरच बसलेली, तरी तुला दिसले नाही. मग वळलीस, मला पाहिलंस, काठी पाहिलीस आणि उंबऱ्यातच बसकण मारलीस. तुझी छाती भात्यासारखी हलत होती.

अंगठा काही वर झाला नाही.

तेव्हा मला कळलं, खरोखर वाजल्यावर माणूस कसं येतं. एप्रिलच्या आधी मिरचीच्या धुरावर तू अशीच यायचीस, पदर खोचून, घाबरून, आणि मग मला शिव्या द्यायचीस. त्यानंतरच्या पौर्णिमांना तू केस विंचरून यायचीस. मला ते दिसत होतं. कान गेले म्हणून डोळ्यांनी जगणारी बाई मी, आणि मला वाटलं, बायजा खीर खायला येते म्हणून आवरून येते.

त्या पिठाच्या हातांनी माझा राग अर्धा गेला. अर्धाच. उरलेला तसाच आहे आणि तो जाईल असं मला वाटत नाही. तुला माझी काळजी नाही, असं मी आता म्हणणार नाही. ओली गोधडी घेऊन धावलीस, ते मी विसरणार नाही. पण जिला माझी इतकी काळजी आहे, तीच सहा महिने हसत हसत माझ्या तोंडावर खोटं बोलू शकते, हे आता मला माहीत झालंय. माहीत नसतं तर बरं होतं. तू मनातून दुष्ट असतीस, तर मला डोंबिवलीत सुखाने झोप लागली असती.

काल रात्री सम्यकला सगळं सांगितलं. एप्रिल, आषाढ, पडदा, भिंत, सगळं. तो खूप चिडला, तुझ्यावर आणि त्याहून जास्त माझ्यावर. पाटीवर लिहायला जागा पुरेना. प्रीतीने मला पाणी आणून दिलं आणि त्याला गप्प केलं, त्या पोरीला मी उगाच नावं ठेवत होते. मी त्याला म्हटलं, आता लपवलेलं काही उरलं नाही, आता तू ठरवू नकोस, मला ठरवू दे. सकाळी तो माझी बॅग कपाटावरून काढत होता.

रविवारी येते. उशीखाली चकती असेल, तिला माझ्याशी गोड बोलावं लागत नाही. भोंगा आहे तिथेच राहील. बाळाला त्रास होत असेल तर स्वयंपाकघरात सरकव, पण त्या दिवशीच मला सांग.

पौर्णिमेला येऊ नकोस. काठी आता मी मला वाटेल तेव्हा लावीन. मंगळवारी लावीन, दुपारी लावीन, तू सुकट भाजत असशील तेव्हा लावीन, आणि तुला सांगणार नाही. वाजला तर ये. नाही वाजला तर येऊ नकोस. आणि आलीस तर मला काही सांगत बसू नकोस, मी तुझे हात बघेन.

खीर करेन, पण ती विहारात नेईन. नारळीभाताचा तुझा डबा माझ्याकडे राहिलाय, तो घासून दाराशी ठेवीन. मैत्रिणीची जागा आत्ता रिकामी आहे, तिथे कुणाला बसवायचं नाही असं ठरवलंय. शेजारणीची जागा तुझीच. भिंत एकच आहे, दुसरी शेजारीण मी कुठून आणू?

कळावे. किल्ली खिळ्यालाच असावी.

भिंतीपलीकडची,
नीला